१६३

या जानेवारीतला एक वीकेंड बदकं मोजण्यात गेला. म्हणजे बदकं नाहीत, पट्टकादंब. ऑफिसात सांगितलं तर लोक हसले. असो.

तर झालं असं. परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या पुढे पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब उतरतात. पांढरं डोकं आणि त्यावर दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेट, लडाखकडून थेट हिमालय ओलांडून येतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. एक पक्षीमित्र येलदरीला निघाला होता, त्याच्यासोबत मीही गेलो. मामाचं शेत तिथेच आहे, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता.

मोजायची रीत सोपी. हे पक्षी रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. सकाळी थवा बसला की आधी दहा पक्षी नीट मोजायचे. दहा म्हणजे केवढा घोळका ते डोळ्यात बसवायचं आणि मग दहा-दहा करत पुढे सरकायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचा आकडा आधी विचारायचा नाही. माझे भरले १६३, मित्राचे १७१.

"दोनशे लिहू या," मित्र म्हणाला. "मोठा आकडा असला की जागेकडे लक्ष जातं."

त्याचंही खोटं नव्हतं. एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी एखाद्या पाणथळीवर नियमित येत असतील, तर ती जागा रामसर यादीसाठी पात्र ठरू शकते. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, २०२० साली जाहीर झालं. आकड्यांवर खरंच निर्णय होतात.

तेवढ्यात मामा आला. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत त्याचा हरभरा असतो.

"कामून मोजायलास रे हे बदकं? रातभर हरभरा खायलेत. पाचशे लिही, भरपाई तरी मागता येईल."

गंमत बघा, एकाला पक्षी वाचवायचे होते आणि दुसऱ्याला हाकलायचे होते. आकडा मात्र दोघांनाही मोठाच हवा होता!

मी पुन्हा मोजलं. १६३. मित्रानेही दुर्बीण लावली. एका कडेचे चक्रवाक त्याने चुकून धरले होते. मग आम्ही १६३ लिहिलं. सोबत वेळ, धुकं आणि शेजारी हरभऱ्याचं पीक असल्याची नोंदही केली.

मामा जेवताना गप्प होता. मलाही वाईट वाटलं. त्याचं नुकसान खरं आहे, पण ते हरभऱ्याच्या रानात जाऊन मोजावं लागेल, पक्ष्यांच्या आकड्यात घुसडून भागणार नाही. आज फुगवून लिहिलं आणि पुढच्या वर्षी कुणी खरे १६० मोजले, तर कागदावर पक्षी घटलेले दिसतील. आणि पक्षी खरोखरच घटले, तर कुणाला कळणारही नाही.

पुढच्या खेपेला टेप घेऊन येईन, तुमचं रान मोजू, असं मामाला सांगितलंय.

"ये," म्हणाला. "पर बदकाच्या आधी."