सतरा जणांचे डोळे

प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर येतो तेव्हा त्यावर चित्र नसतं. शेकडो लहान चौकोन असतात, ओळीने मांडलेले: आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, अबोली, मग एकाएकी मळकट करडा, त्याच्या शेजारी किंचित उजळ करडा, मग शेवाळी, मग साडीच्या कुठल्याच दुकानात ज्याला नाव मिळालं नसतं असा एक उदास जांभळा. कुणाचा चेहरा नाही, झाड नाही, आभाळ नाही.

नुसते रंग.

हा तक्ता छापताना प्रिंटरला बजावावं लागतं की बाबा रे, आज तुझी हुशारी नको. आपणहून रंग सुधारण्याची ती सगळी खटपट बंद, तू जसा आहेस तसा दिस. मग कागद रात्रभर तसाच ठेवायचा, कारण ओल्या शाईचा रंग वेगळा आणि वाळलेल्या शाईचा वेगळा. आणि पावसाळ्यात, भिंतीसुद्धा दमट झालेल्या असताना, मी आणखी एक रात्र जाऊ देते. शाई मुरताना आवाज होत नाही, तरी शेजारच्या खोलीत कुणीतरी जागं आहे असं उगाच वाटत राहतं.

सकाळी रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर एकेका ओळीवरून सरकवायचा. पंचेचाळीस अंशांतून उजेड टाकायचा आणि सरळ वरून बघायचं, एवढंच त्याचं बघणं. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असा धूपछाव पदर त्याच्यापुढे धरला, तर तो एक उत्तर देऊन गप्प बसेल. आपल्याला तो पदर हलवून बघावासा वाटतो, त्याला वाटत नाही. कागदाच्या कामाला असा निर्विकारच बरा.

पण तो आकडे देतो ते कुणाच्या नजरेचे? १९२० च्या दशकात लंडनमध्ये डेव्हिड राइट यांनी दहा आणि टेडिंग्टनला जॉन गिल्ड यांनी सात माणसांना बसवून लाल, हिरवा, निळा प्रकाश कमी-जास्त करत समोरचा रंग जुळवायला लावला. हात लांब करून अंगठा धरला तर जेवढा दिसतो, साधारण तेवढाच रंगाचा तुकडा त्यांच्यापुढे होता. १९३१ मध्ये त्या सतरा जणांच्या सरासरीतून एक ‘प्रमाण निरीक्षक’ तयार झाला: ज्याला वय नाही, गाव नाही, मोतीबिंदू नाही, आणि जो अजून निवृत्त झालेला नाही. त्यांतल्या कुणी श्रावणातली कोकणातली खाचरं पाहिली असतील असं मला वाटत नाही. तरी माझ्या टेबलावरचा हिरवा त्यांच्याच डोळ्यांनी मोजला जातो. लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्मांच्या छापखान्यात रंगागणिक वेगळा दगड लागे, आणि लक्ष्मीच्या पातळाचा गुलाबी नेमका किती, याचा निवाडा दगडापाशी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी नजरेने होत असे. त्या नजरेचा मला हेवा वाटतो.

आकड्यांतून मग प्रोफाइल बनतं. ते या प्रिंटरचं, या शाईचं, या कागदाचं. कागद बदलला की सगळं पहिल्यापासून. चकचकीत कागदावर काळा विहिरीत उतरतो, कापसाच्या मॅट कागदावर तोच काळा राखेच्या अलीकडे थबकतो. खरं तर प्रोफाइल म्हणजे त्या तिघांना काय जमत नाही याची प्रामाणिक नोंद. पडद्यावर खाचरांचा फोटो उघडून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर तो कसा दिसेल याची झलक, लावलं की उजेडाने बनलेला तो ओला, उसळता, जवळजवळ ओरडणारा हिरवा एका क्षणात मलूल होतो, कारण शाईची मजल तिथवर नाही.

मला हा क्षण आवडतो.

इथे दोन वाटा असतात. एक वाट सगळ्याच रंगांना थोडं थोडं आत सरकवते, म्हणजे त्यांचं आपसातलं नातं टिकतं. दुसरी आवाक्यातल्या रंगांना हात लावत नाही, फक्त बाहेरच्यांना आणून वेशीवर उभं करते. यावरून लोक तावातावाने भांडतात. मी शेतासाठी पहिली घेते, माणसांच्या चेहऱ्यांसाठी दुसरी.

आणि उजेडाचं काय? प्रोफाइल धरून चालतं ५००० केल्विनचा उजेड, म्हणजे कागदावरच्या हिशेबातलं एक शांत ऊन. लक्ष्मी रोडवर ब्लाउजपीस हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर येणाऱ्या बायका तेच ऊन शोधत असतात. आत ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग बाहेर आले की एकमेकांना ओळख देत नाहीत. आई कित्येकदा अशी पायरीवर उभी राहिली आहे. तिच्या चिंतामणी रंगाच्या साडीतला फोटो मी छापला, खिडकीपाशी धरला. साडी आणि कागद एकमेकांना चिकटून होते, कुठे फट नव्हती. पण आईला तो लावायचा होता देवघराशेजारी, जिथे दिवसाही पिवळा दिवा असतो, आणि तिथे नेल्यावर निळा विझला, जरीचा काठ मात्र उगाच फुलला.

तेव्हा मी त्या भिंतीवर पडणारा उजेडच मोजला. आर्गिल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरला असा परका उजेडही देता येतो. चौकोनांचे जुने आकडे आणि या दिव्याचा वर्णपट घेऊन त्याने नवं प्रोफाइल रचलं, जगात फक्त त्या हातभर भिंतीपुरतं खरं. दुसरी प्रत खिडकीत धरली तर अगदीच विचित्र दिसते. भिंतीवर लावली आणि साडी परत आली.

आईने चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. ‘झालंय छान,’ ती म्हणाली, ‘पण दिवाळीत इथे पणत्या लावते मी, तेव्हा गं?’