तुडूम कुठे आहे?

आमच्या महाविद्यालयात सायकल स्टँडच्या बाजूला एक कडुनिंब आहे. शनिवारी शेवटचा तास संपला की त्याच्या पारावर चार-पाच मुले वह्या घेऊन बसतात. त्या कवितांच्या वह्या असाव्यात, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. मराठीच्या प्राध्यापकाला वही दिसली की आत कविताच दिसते. प्रत्यक्षात त्या वह्यांत काड्यापेटीएवढ्या चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत काळ्या-करड्या छटांचे एकेक जग होते.

त्यांतला एक मुलगा माझ्या बी.ए.च्या वर्गात होता. त्याचे वडील पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवीत. फ्लेक्स आले आणि ते काम आटले. मुलाला मात्र ‘कन्सेप्ट आर्ट’ करायचे होते. चित्रपट किंवा संगणकावरचा खेळ तयार होण्यापूर्वी त्यातली स्थळे, माणसे, यंत्रे कशी दिसतील याचा चित्रातून घेतलेला शोध, असे त्याने मला समजावून सांगितले. ‘संकल्पनाचित्र म्हणू या का?’ असे मी विचारले. ‘म्हणा जी,’ तो म्हणाला, ‘पन त्यातले बहुतेक फेकून द्यासाठीच काढा लागते.’

हे वाक्य मला पचले नाही. आमची सगळी समीक्षा पूर्ण झालेल्या कृतीची. छापलेले पुस्तक हाती घ्यायचे आणि त्याचे गुणदोष सांगायचे. जे अजून झालेलेच नाही, ज्याच्या वीसांपैकी एकोणीस आवृत्त्या टाकूनच द्यायच्या आहेत, त्याविषयी काय बोलायचे असते? मला माहीत नव्हते. म्हणून तो वर्षभर चित्रे दाखवीत राहिला आणि मी ‘छान’ म्हणत राहिले. मग त्याने दाखवणे थांबवले. कारण विचारले तर खाली पाहत म्हणाला, ‘तुमी त सगळ्यालेच छान म्हन्ता जी, मॅडम.’

ते लागले, कारण तो शब्द माझ्या ओळखीचा होता. मी बावीस वर्षांची असताना एका कादंबरीची पहिली चाळीस पाने एका ज्येष्ठ अध्यापकांना वाचायला दिली होती. तीन महिन्यांनी ती परत आली. ‘छान आहे, लिहीत राहा.’ एकाही पानावर पेन्सिलीची खूण नव्हती. शिवी दिली असती तर बहुधा मी पुढे लिहिले असते. ती पाने अजून कपाटात आहेत.

पुढच्या शनिवारी मी पारावर जाऊन बसले. मुलांचे नियम साधे होते. आठवड्यात प्रत्येकाने वीस लहान चित्रे काढायची. चित्र मध्ये ठेवायचे आणि इतरांनी आधी डोळे किलकिले करून पाहायचे, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेड-काळोखाची मांडणी तेवढी उरते. मग काय दिसले ते सांगायचे. आवडले की नाही, ते नाही. आणि सर्वांचे बोलून होईपर्यंत चित्रकाराने तोंड उघडायचे नाही. हा शेवटचा नियम आमच्या चर्चासत्रांना लावला तर किती वेळ वाचेल, असा विचार मनात येऊन गेला. असो.

त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याचे चित्र होते: शंभर वर्षांनंतरचे एक गाव, मामा तलावाच्या पाळीवर वसलेले. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या शेतीला पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच पाणी दिले. चित्रात पाळीवर उंच मनोरे होते, पाण्यावर धुके होते, एक एकाकी होडी होती. माझ्या ओठांवर ‘छान’ आलेच होते. तेवढ्यात एका शेतकऱ्याची मुलगी म्हणाली, ‘तुडूम कुठे आहे?’ तुडूम म्हणजे तलावातून शेताकडे पाणी सोडण्याची पाळीतली जागा. ‘पाणी बाहेर जात नसेल तर इथे धान होणार नाही. मग एवढे लोक खातात काय?’ दुसरा म्हणाला, होडी नुसती शोभेची आहे, तिच्यात जाळे तरी टाक.

पुढच्या आठवड्यात त्याने वीसच्या वीस चित्रे तुडूम मध्यभागी ठेवून काढली. मनोरे गेले, धुकेही गेले. घरे पाण्याच्या वाटेच्या दोन्ही अंगांना सरकली आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचे घर सर्वांत उंच झाले. त्या गावात सत्ता कोणाच्या हाती आहे, हे एक शब्द न लिहिता कळत होते.

मला कोल्हापूर आठवले. तिथले आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. आनंदराव 1916 मध्ये वारले; पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पात्रे, वेशभूषा यांची रेखाटने ते चित्रीकरणाआधी करीत. दामले, फत्तेलाल, शांताराम त्यांच्याच हाताखाली, एकमेकांच्या शेजारी काम करीत घडले आणि 1929 मध्ये ‘प्रभात’ निघाली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (1936) मी वर्गात कितीतरी वेळा शिकवला आहे. चित्रे आधी कागदावर उतरतात, ही गोष्ट एकदाही माझ्या तोंडी आली नाही. पडदे रंगवणाऱ्याचा मुलगा समोरच्या बाकावर बसलेला असतानाही नाही.

या पावसाळ्यात मी कपाटातली चाळीस पाने पारावर नेली. पहिली सहा वाचून दाखवली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तीच मुलगी म्हणाली, ‘पाच माणसांचा वाडा आहे, पण सकाळपासून चूल कोणी पेटवली नाही.’ माझा विद्यार्थी म्हणाला, ‘हे बाई खिडकीपाशी बसून लई विचार करते जी. पन हिच्या घरी पानी कोन भरते?’

ते प्रतीकात्मक आहे, हे सांगायला मी तोंड उघडले.

‘नियम, मॅडम,’ कोणीतरी म्हणाले.

मी पेन्सिल काढली आणि समासात लिहिले: पाणी.