न दुखणारी जखम

मागच्या पावसाळ्यात सासूबाईंना नवी चप्पल चावली. पायाच्या करंगळीजवळ जरासं सोललं. "अगं, दुखत नाही काही," म्हणाल्या. मीही आपली हळद लावत राहिले. तीन आठवडे झाले तरी जखमेची कड जुळेना, तेव्हा बोईसरहून लोकलने त्यांना पालघरला डॉक्टरांकडे नेलं.

"दुखत नाही हेच वाईट. आणखी उशीर केला असतात तर बोटावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाले. मधुमेहात नसा बधिर होतात. शिवाय जखम झाली की शरीर प्रथिनांचे सांगावे धाडतं. ते पोचले की कडेच्या त्वचेच्या पेशी वाढतात, पुढे सरकतात, जखम झाकतात. साखर फार दिवस वाढलेली असली की हे सांगावे कमी पडतात, वाटेतच विरतात. अशा सांगाव्यांच्या शोधाला १९८६ साली नोबेल मिळालं. त्यातल्या एकाचं मलम आता आपल्याकडेही मिळतं. पण साखर आटोक्यात, जखम स्वच्छ आणि तिच्यावर भार नको, हे आधी.

जखम भरायला दोन महिने लागले. मैत्रिणींनो, आता रोज रात्री मी सासूबाईंचे तळवे निरखते. त्या हसतात, "रोज रोज पाया कसली पडतेस गं!"