‘ब्रेक फेल झाल्याने...’

वीस वर्षं बातम्या लिहितोय. ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य किती वेळा लिहिलं, हिशेब नाही. पोलीस तेच सांगतात, आम्ही तेच छापतो. विषय संपला.

मागच्या उन्हाळ्यात कराडहून चिपळूणला येत होतो. आई मागच्या सीटवर झोपलेली. कुंभार्ली घाटाचा उतार लागला आणि सवयीने गाडी न्यूट्रल केली. तेवढंच पेट्रोल वाचतं, हा समज. सगळा भार ब्रेकवर. निम्मा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणाआधी थेट तळाला गेलं.

हातपाय गार पडले. पण एका एसटी ड्रायव्हरने कधीतरी सांगितलेलं आठवलं. पेडल भराभर दाबत राहिलो, थोडा दाब आला. तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. इंजिन बोंबललं, पण गाडी आवळली. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू. चावीला हात लावला नाही. इंजिन बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं, चावी काढली तर लॉकच. वेग उतरल्यावर हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढला. झटक्यात ओढला असता तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरली असती. डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. थांबली.

आई जागी झाली. म्हणाली, "पोफळी आली का रे?"

मेकॅनिक म्हणाला, "दादा, ब्रेक ऑइल कधी बदललंय? पाणी धरलंय त्याने. वरनं तुम्ही न्यूट्रलमध्ये आलात. उकळलं ते." पेट्रोलचंही त्यानेच सांगितलं. आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिन पेट्रोल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र घेतं. म्हणजे वाचलं काहीच नव्हतं.

पुण्यात कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ट्रकांचं हेच होतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल, आणि खाली उभ्या गाड्यांवर ट्रक. चूक ड्रायव्हरची आहेच. पण डिझेलचा हिशेब त्याच्याकडून कोण मागतं, हेही आम्ही कधी छापलं नाही.

आता अपघाताच्या जागी गेलो की मी विचारणार, गाडी गिअरमध्ये होती का? ब्रेक कधी तपासले होते? गाडी कुणाची?

घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. आणि ब्रेक ऑइल कधी बदललंय, ते आजच बघा.