रोजचा वाटा कुठून मोजायचा

तीनशे पानांचं पुस्तक, हातात शंभर दिवस, म्हणजे रोज तीन पानं. भाषांतराच्या कामात हा हिशेब प्रकाशक करतो, संपादक करतो आणि माझ्यासारखा भाषांतरकारही करतो. भागाकार बिनचूक असतो. कामाशी मात्र त्याचा फारसा संबंध नसतो. एका पानावर नुसते संवाद असतात, ते तासाभरात मराठीत उतरतं. पुढच्याच पानावर जमीनमहसुलाचे चार शब्द अडून बसतात आणि अख्खी दुपार खातात. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालंय, की मोठ्या इच्छेला दिवसांनी भागून रोजचं उद्दिष्ट निघत नाही. ते खालून काढावं लागतं. या कामाचा असा सर्वांत लहान तुकडा कोणता, जो आज पुरता हातावेगळा करता येईल? तो सापडला की मग दिवसाला किती, हा प्रश्न. त्याचं उत्तरही उत्साहाच्या दिवसावरून देऊ नये. वीज गेलेल्या, पाहुणे आलेल्या, डोकं दुखणाऱ्या दिवसावरून द्यावं.

या मताला माझ्या टेबलापेक्षा भक्कम पुरावा पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढायला घेतली ती 1 एप्रिल 1919 रोजी. एक्याऐंशी वर्षांच्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते पहिल्या तक्त्यावर मंगलश्लोक लिहिला गेला. महत्त्वाकांक्षा केवढी? देशभरच्या पोथ्या मिळवायच्या आणि त्यांतून महाभारताची उपलब्ध असलेली जुन्यात जुनी संहिता ठरवायची. यात रोजचं काम काय, तर तो तक्ता. वर श्लोक, प्रत्येक अक्षराला एक चौकोन. खाली एकेका पोथीची ओळ, आणि जिथे अक्षर वेगळं तिथे त्या चौकोनात नोंद. पोथ्या वाचणाऱ्या शास्त्र्याला ‘मूळ पाठ कोणता?’ या भयंकर प्रश्नाला रोज तोंड द्यावं लागत नव्हतं. या पोथीत काय लिहिलंय, एवढंच पाहायचं. निवाडा संपादकाने करायचा, तोही नोंदी जमल्यावर. मला यात सगळी मेख दिसते. महत्त्वाकांक्षेतला सर्वांत अवघड प्रश्न त्यांनी रोजच्या कामातून बाहेर काढला होता. शिवाय पद्धत डोळे झाकून चालवली नाही. 1923 साली विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढून ती विद्वानांपुढे मतांसाठी ठेवली. 1925 मध्ये वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक झाले, त्यांनी घडी नीट बसवली, आणि आदिपर्व पुरं झालं ते 1933 मध्ये.

यावर कुणी म्हणेल, ही कसली वास्तववादी उद्दिष्टं? काम संपायला 1966 उजाडलं. भांडारकर 1925 मध्ये गेले, सुखटणकर 1943 मध्ये. आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. एकट्या माणसाला सत्तेचाळीस वर्षं परवडत नाहीत. पण सुखटणकरांनंतर आधी श्री. कृ. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य काम पुढे नेऊ शकले, कारण कामाचं माप कुणाच्या डोक्यात नव्हतं, कागदावर होतं. एकट्या माणसालाही हे लागू पडतं: आजारपणानंतर टेबलाशी परतलेला मी म्हणजे जवळपास दुसरा माणूसच असतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. श्री. व्यं. केतकरांनी काय रोजचा बेताचा वाटा ठरवून मराठीतला ज्ञानकोश काढला? कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार गोळा करत फिरले आणि मोजक्या वर्षांत 23 खंड उभे केले. छोटी उद्दिष्टं म्हणजे छोटी माणसं, असा त्याचा सूर. मला केतकर उलट बाजूचे साक्षीदार वाटतात. वर्गणीदाराला पुढचा खंड पोचवायचा, हा तगादा त्यांनी स्वतःच्या मागे लावून घेतला होता, आणि खंड ही हातावेगळी होणारी वस्तू आहे. धाडस ध्येयात होतं, मोजमाप तरीही खालूनच. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत ‘आज बारा तास बसलो’ म्हणणाऱ्या मुलाकडे मात्र धाडस भरपूर आणि माप चुकीचं असतं. बारा तास ही कामाची मोजणी नाही, बैठकीची आहे.

तरी खालून मोजण्यातही एक धोका आहे, आणि तो पुण्याच्याच डेक्कन कॉलेजने दाखवून दिलाय. तिथल्या संस्कृत महाकोशाचं काम 1948 मध्ये सुरू झालं. सुमारे पंधराशे ग्रंथांतून पाव शतकात शब्दांच्या नोंदींच्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर रोजच्या तेराशेच्या वर, म्हणजे चिठ्ठी हे माप अचूक निवडलं होतं. पहिला भाग 1976 मध्ये निघाला. त्यानंतर भागांमागून भाग येऊनही कोश कितीतरी काळ अकारातच राहिला. कारण उघड आहे: चिठ्ठी लिहिणं आणि चिठ्ठ्यांवरून शब्दाचे अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावणं ही दोन निराळी कामं. पहिल्याचा वेग दुसऱ्याला लावता येत नाही. कामाचा टप्पा बदलला की माप बदलायला हवं, आणि हेच आपण टाळतो, कारण जुन्या मापाने रोज मोठा आकडा दिसतो. भाषांतरात कच्चा मसुदा पुरा होईपर्यंत मी उतारे मोजतो. त्यानंतर पानांना हात न लावता समासातल्या शंका मोजायला घेतो, आणि दिवसाला दोन शंका सुटल्या तरी तो दिवस भरला असं धरतो.