कट्टा, कटिंग आणि 'कसला दिसतो गं!'

मॉल, मल्टिप्लेक्स आणि ईएमआय, तिन्हींचा कंटाळा आलाय? मग मैत्रिणींनो, रविवारी सकाळी दादरला उतरा आणि रानडे रोडची गर्दी कापत शिवाजी पार्क गाठा. २०२०मध्ये नाव 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' झालं, पण टॅक्सीवाल्याला जुनंच कळतं. १९२५पासून लोकांसाठी खुलं असलेलं हे मैदान. भोवती किलोमीटरभराहून लांब कट्टा. तिकीट नाही, कव्हर चार्ज नाही, आणि समोर मुंबईतलं सगळ्यात भारी प्रेक्षणीय स्थळ: पुरुष!

आमच्या ऑफिस ग्रुपचे नियम साधे आहेत. पंचविशीच्या आतले बाद, ती आपली भाचरं. शिट्टी नाही, शेरा नाही, मोबाइलवर फोटो तर नाहीच. कट्ट्यावरून आलेली शिट्टी कशी टोचते, ते आपल्याला पाठ आहे. मार्क द्यायचे ते आपापसात, हळू आवाजात.

पहिला स्टॉप क्रिकेटची नेट्स. आचरेकर सरांच्या या मैदानात पांढऱ्या कपड्यांची जादू अजून चालते. "पँटवर लाल डाग पडलेला बोलर म्हणजे दहापैकी नऊ," इति आमची अकाउंट्सवाली. तिच्या आईचा क्रश होता इथलाच संदीप पाटील. १९८२मध्ये मँचेस्टरला बॉब विलिसला एका ओव्हरमध्ये ६ चौकार मारणारा आणि १९८५मध्ये 'कभी अजनबी थे'चा चक्क हिरो झालेला. म्हणजे हे वेड खानदानी आहे.

दुसरा स्टॉप समर्थ व्यायाम मंदिर. २०१९मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा इथेच झाली. एरंडेल लावलेल्या लाकडावर सरसर चढणारा माणूस बघितला की जिममधले फुगवलेले दंड एकदम फुग्यासारखे वाटायला लागतात. "याला सिक्स पॅक मोजायला वेळच नाही गं!" एचआरवालीने कधी नव्हे ते पूर्ण मार्क देऊन टाकले.

तिसऱ्या स्टॉपला भांडण ठरलेलं. समोर तरणतलाव, म्हणजे मिलिंद सोमणचा विषय निघणारच. १९९५च्या 'मेड इन इंडिया'मध्ये खोक्यातून निघालेला तो, की २०१५मध्ये ४९व्या वर्षी झुरिकची आयर्नमॅन पूर्ण करणारा पिकल्या केसांचा तो? मतदान झालं. पिकले केस जिंकले, तीन विरुद्ध एक!

गंमत बघा, तासाभरात यादी पार बदलते. येताना 'उंच, गोरा, जॉ लाइन' असं काय काय डोक्यात असतं. त्या दिवशी सगळ्यात जास्त मार्क मिळाले ते सोपा कॅच सोडून स्वतःवरच खळखळून हसलेल्या, पोट सुटलेल्या एका फिल्डरला. आपल्याकडे कुणी बघतंय का, याचा ज्याला पत्ताच नाही, तो सगळ्यात देखणा. पोस्टरवरच्या हिरोला हे जमत नाही.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. कट्ट्यावर बसून बघणं हा वर्षानुवर्षं मुलांचा हक्क. मुलगी बसली की तिच्याकडे कारण लागतं: कुणाची तरी वाट बघणं, फोन, निदान भेळ तरी. मुंबईतल्या बायकांच्या याच घुसमटीवर २०११मध्ये 'व्हाय लॉइटर?' नावाचं आख्खं पुस्तक आलं. काही काम नसताना नुसतं रेंगाळायचा हक्क बाईलाही हवा, असं ते ठणकावून सांगतं. आम्ही चौघी बसलो की अर्ध्या तासात एखादे काका विचारतातच, "कोणाची वाट बघताय का?" शेजारच्या टोळक्याला मात्र कुणी काही विचारत नाही. ते सकाळपासून तिथेच असतं!

तेव्हा जाच. आठच्या आत पोचा, ऊन चढलं की सेना भवनासमोर 'आस्वाद'मध्ये मिसळ हाणा आणि निकालावर तिथे भांडा. चपला आरामाच्या घाला, गॉगल मात्र मोठा हवा, कारण उघड आहे. आणि कुणी विचारलंच, "इथे काय करताय?" तर गोड हसून सांगायचं, "काही नाही काका, बसलोय."