सातपुड्याची माणसं, समुद्राचा पाऊस

दिवाळीत अस्तंब्याची यात्रा भरते. अश्वत्थाम्याच्या त्या डोंगरावर रात्री पायी चढणारे यात्रेकरू ज्यांनी पाहिले नसतील, त्यांनी एकदा अवश्य पाहावेत. पण यात्रा उतरते न उतरते तोच धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या रस्त्यांवर दुसरीच गर्दी दिसू लागते. ट्रक आणि पिकअप गाड्या भरलेल्या असतात. ज्वारीची पोती, भांडी, पांघरुणं, दोन-चार कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसवलेली पोरं. चांदसैलीच्या घाटातून तळोद्याला उतरणारी ही माणसं ऊसतोडीला निघालेली असतात. नवापूर मागे पडलं की सोनगड, व्यारा, बारडोली. तिथून पुढे सुरत आणि नवसारीकडे, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या काठापर्यंत.

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा आहे आणि मधून तापी वाहते. दोन्ही नद्या पश्चिमेला गुजरातच्या किनाऱ्याकडे जातात आणि त्याच दिशेला इथला माणूसही जातो. (नर्मदाकाठची 33 गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली, त्या लोकांचं जाणं वेगळं आणि त्याची गोष्टही वेगळी.)

लोक म्हणतात, आदिवासींना स्थलांतराची सवयच आहे. मला हे बोलणं पटत नाही. घरी दाणा असेल तर तान्हं मूल घेऊन परमुलखात पालाखाली राहायला कोण जाईल? सातपुड्याच्या उतारावरची माती पातळ. ज्वारी, मका, तूर, उडीद, सगळं पावसाच्या भरवशावर. पाऊस आठ-दहा दिवसांत धो धो कोसळला तर मातीसकट नर्मदेला जातो, आणि पुढे तीन आठवडे तोंड दाखवत नाही. वर्षाची बेरीज सरकारी तक्त्यात बरी दिसते, पण कणगी रिकामीच राहते.

2023 सालचंच पाहा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा 36 टक्के पाऊस कमी. ज्वारी पोटरीत येण्याच्या वेळेस आभाळ कोरडं राहिलं तर कणसात काय भरणार? 12 नोव्हेंबरला दिवाळी झाली आणि नेहमीप्रमाणे गाड्या खाली उतरल्या. आणि 26 नोव्हेंबरला गुजरातभर अवकाळी पाऊस आला, विजा कोसळल्या, माणसं दगावली. सुरत आणि तापी जिल्हेही त्यातून सुटले नाहीत. घरी हवा होता तेव्हा न आलेला पाऊस इथे नको असताना डोक्यावर आला.

ऊस तोडणाऱ्याला एका पावसाने काय होतं, हे बागायतदार वाचकांना सांगायला नको. काळी जमीन भिजली की फडात गाडी जात नाही. गाडी नाही म्हणजे तोड नाही, आणि मजुरी तर टनावर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पडावावर खावटी मिळते, आणि सगळा हिशेब हंगामाच्या शेवटी. तोड थांबते, खावटी थांबत नाही. खाणारी तोंडं तेवढीच राहतात. बसून खाल्लेले ते दिवस उचलीत मिळतात. प्लास्टिकच्या पालात पाणी शिरलेलं, सरपण भिजलेलं, बाळंतीण त्याच ओलीत. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी द्राक्ष, कापूस यांच्या नुकसानीच्या बातम्या येतात, यायलाच हव्यात. पडावाचा पंचनामा मात्र कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

हे एकाच वर्षाचं नाही. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ सुरतेच्या बाजूला येता येता विरलं, तरी ऐन तोडीत पाऊस देऊन गेलं. अरबी समुद्राचं पाणी तापत चाललं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 साली दाखवून दिलं की, 1982 ते 2000 या काळाच्या मानाने 2001 ते 2019 या काळात या समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. तोरणमाळच्या थंड हवेत बसून ही गोष्ट फार लांबची वाटते. फडातल्या कुटुंबाला ती लांबची नाही.

गावातच थांबता येतं, याचं एक उदाहरण जवळच आहे. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या आदिवासींनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने 1990 नंतर जंगल राखलं, बांध घातले, पाणी मुरवलं. त्या गावाला बाहेर मजुरीला जाण्याची गरज उरली नाही. पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. अर्थात बारीपाड्याला ही वर्षं मिळाली तशी ती धडगावच्या प्रत्येक पाड्याला कुणी द्यायला हवीत. उचल घेतलेला माणूस बांध घालायला थांबत नाही.

फाल्गुनात मात्र सगळे परततात. काठीच्या राजवाडी होळीसाठी हंगाम अर्धवट टाकूनही येतात. लांबच लांब बांबू हातांनी खोदलेल्या खड्ड्यात उभा राहतो, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधून बावा-बुध्या रात्रभर नाचतात, पहाटे होळी पेटते. त्या रात्री कोण कुठे तोडीला होता हे ओळखू येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोलगीच्या रस्त्याला पुन्हा गाड्या लागतात. उभा ऊस अजून शिल्लक असतो, आणि पावसात बसून काढलेल्या दिवसांची खावटी मुकादमाच्या वहीत तशीच मांडलेली असते.